हे धोंडे कशासाठी?
लहान मुलांसाठी कुटुंबातील नाताळच्या परंपरा

वाचनासाठी शास्त्रभाग: निर्गम १२:२४-२७, यहोशवा ४:१-७, १९-२४, लूक २:१-२०

डिसेंबर उजाडला की ज्या घरात लहान मुले आहेत तेथे एक प्रश्न रोज ऐकू येतो : "नाताळ अजून किती दिवसांनी?" वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र निराळेच प्रश्न घोळत असतात. कपडे घ्यायचे, फराळ करायचा, पाहुण्यांची सोय पाहायची. ह्या धांदलीत, मुलांना नाताळचा आनंद द्यायचा म्हणजे काहीतरी विकत आणायचे, अशी आपली नकळत समजूत होऊन बसते. खर्च होतो, आणि नवे वर्ष उजाडण्यापूर्वीच खेळणे मोडलेले असते. मुलांच्या मनात आयुष्यभर टिकेल असा नाताळ घराघरांत कसा रुजवावा, ह्याचा विचार आपण ह्या पाठात करू.

१. प्रश्नाला जागा देणारी खूण

इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून आले तेव्हा नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणण्यात आले व यहोशवाने ते गिलगाल येथे उभे केले. त्यामागचा हेतू शास्त्रात स्पष्ट सांगितला आहे. पुढे मुले त्या धोंड्यांचा अर्थ विचारतील, तेव्हा वडिलांनी त्यांना देवाने नदी कशी दुभंगली ते सांगावे. वल्हांडण सणाविषयीही मोशेने हेच सांगितले. आजही यहूदी घरांत त्या रात्री सामान्यतः सर्वांत लहान मूल ठरलेले प्रश्न विचारते आणि मोठी माणसे त्याला मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथा सांगतात.

ह्या क्रमाकडे आपण लक्ष द्यावे. आधी डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी किंवा जिभेला कळणारी वस्तू येते. मग मुलाचा प्रश्न. आणि शेवटी वडिलांचे उत्तर. आपण पुष्कळदा उत्तरापासूनच सुरुवात करतो आणि मूल जांभई देते. कौटुंबिक परंपरेची कसोटी साधी आहे : ती पाहून मुलाने "हे कशासाठी?" असे विचारावे, आणि आपल्याजवळ सांगण्याजोगे उत्तर असावे.

२. मंडळीच्या इतिहासातील तीन उदाहरणे

१२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो ह्या गावी नाताळच्या रात्री खरी गव्हाणी मांडली, तीत गवत घातले आणि शेजारी बैल व गाढव उभे केले. अक्षरओळख नसलेल्या गावकऱ्यांनाही बेथलेहेम डोळ्यांनी पाहता यावे, ही त्यामागील तळमळ होती.

१७४७ साली जर्मनीतील मारियेनबोर्न येथे मोरेव्हियन मंडळीचे योहान्नेस फॉन वाटेविल ह्यांनी नाताळच्या उपासनेत प्रत्येक मुलाच्या हाती तांबडी फीत बांधलेली एक पेटती मेणबत्ती दिली. ख्रिस्ताने आपले रक्त सांडून मुलांच्या अंतःकरणात ज्योत पेटवली, हे त्या फितीचे उत्तर होते.

१८३९ साली हॅम्बुर्गजवळ निराधार मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान हिन्रिख विखर्न ह्यांनी एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. आगमनकाळातील रविवारी मोठी पांढरी व इतर दिवशी लहान तांबडी मेणबत्ती पेटवली जाई. "नाताळ किती दिवसांनी?" असे सारखे विचारणाऱ्या मुलांना रोज वाढत जाणारा प्रकाश दाखवूनच उत्तर मिळाले, असे सांगतात.

गवत, फीत, चाक. तिन्ही ठिकाणी वस्तू अगदी साध्या होत्या. मुलांना अद्भुत वाटले ते त्या वस्तूंमागच्या कथेमुळे.

३. आपल्या घरी काय करता येईल?

तारा : बाजारातून तारा आणण्याऐवजी तो मुलांबरोबर बनवावा. बांबूच्या पाच कामट्यांचा एक, असे पाच कोनांचे दोन सांगाडे टोकांशी बांधावेत, मध्ये पाच आखूड काड्या अडकवून ते फुगवावेत, आणि पतंगी कागद खळीने चिकटवावा. लहान मुलाकडे खळ लावण्याचे काम द्यावे. त्याचे हात, कपडे व फरशी चिकट होईल. ते चालवून घ्यावे. आपल्या हातून झालेला तारा खिडकीत लागलेला पाहून होणारा आनंद विकत मिळत नाही.

रिकामी गव्हाणी : आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी एखाद्या खोक्याची गव्हाणी करून ती रिकामी ठेवावी. घरातील कोणी दुसऱ्यासाठी प्रेमाने काही केले की तीत गवताची एक काडी घालावी. मोठ्यांनीही घालावी, नाहीतर तो मुलांच्या वर्तणुकीचा हिशेब होऊन बसेल. बाळ येशूची मूर्ती किंवा चित्र २४ डिसेंबरच्या रात्रीच ठेवावे. वाट पाहणे हाही सणाचाच भाग आहे.

मागी लोकांचा प्रवास : मत्तयाच्या वृत्तान्तात मागी लोक बालकाला भेटतात ते घरात (मत्तय २:११), गोठ्यात नव्हे. म्हणून त्यांच्या आकृती घराच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवून मुलांनी त्या रोज थोड्या पुढे सरकवाव्यात, आणि ६ जानेवारीला त्यांना गव्हाणीपाशी पोहोचवावे. गोव्यात रेईश मागूश येथे त्या दिवशी राजांच्या वेषातील मुलांना पाहायला लोक जमतात. आपल्या घरी स्वयंपाकघरापासून बैठकीच्या खोलीपर्यंतचा प्रवासही मुलांना पुरेसा लांब वाटतो.

फराळाचे ताट : करंजीची कड कातण्याने कापण्याचे काम मुलांना फार आवडते. ते त्यांना करू द्यावे आणि ताट शेजाऱ्यांकडे पोहोचवायलाही त्यांनाच पाठवावे. दिवाळीत ज्यांच्या घरून ताट आले त्यांच्याकडे तर पाठवावेच. पण इमारतीचा पहारेकरी, झाडणाऱ्या बाई किंवा एकटे राहणारे आजोबा ह्यांच्यासाठी एक ताट आधीच बाजूला काढावे. उतारशाळेत जागा नव्हती, ही कथा मुलांना तेव्हा अधिक कळते.

४. सांताक्लॉजचे काय करावे?

ह्या व्यक्तिरेखेमागे चौथ्या शतकातील मायरा (हल्लीच्या तुर्कस्तानातील) येथील बिशप निकोलस आहेत. हुंड्यापायी लग्ने अडलेल्या तीन मुलींच्या घरी त्यांनी रात्री गुपचूप पैसे टाकले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ती मुलांना अवश्य सांगावी, आणि कोणाला तरी नाव न सांगता भेट देण्याचे गुपित त्यांच्याबरोबर रचावे. मात्र "खोड्या केल्यास तर सांता येणार नाही" ही धमकी ख्रिस्ती घरात शोभत नाही. देवाने आपला पुत्र दिला तो आपण शहाण्यासारखे वागलो म्हणून नव्हे. कृपेच्या सणाला बक्षिसाचे रूप दिले, तर मूल त्या सणाचा गाभाच गमावून बसेल.

५. ज्या वर्षी घरात अंधार असतो

काही वर्षांपूर्वी आम्ही इंदूरला असताना नोव्हेंबर महिन्यात माझी आई प्रभूजवळ गेली. दरवर्षी ताऱ्याच्या कामट्या तीच बांधीत असे. त्या वर्षी काहीच करायचे नाही, असे मी ठरवले. नाताळला चार दिवस उरले असताना आमच्या पाच वर्षांच्या मुलीने माळ्यावरच्या जुन्या ताऱ्याकडे बोट दाखवून विचारले, "आजी नाही म्हणून येशू जन्मणार नाही का?"

मी तारा खाली काढला. कागद फाटला होता, दोन कामट्या मोडल्या होत्या. मला आईसारखी गाठ मारता येईना. तारा वाकडाच झाला, तरी त्याखाली बसून आम्ही लूकचा दुसरा अध्याय वाचला. अंधारात बसलेल्यांसाठीच तो प्रकाश आला, हे मी तिला समजावू लागले आणि ते मलाच ऐकायचे होते, हे बोलता बोलता लक्षात आले. धोंडे मुलांसाठी उभे करतात. पण कधीकधी त्यांच्यापाशी मोठ्यांनाच थांबावे लागते.

म्हणून, वाचकहो, यंदा एकच परंपरा निवडा. पण ती दरवर्षी पाळा. बदलीच्या गावी, भाड्याच्या खोलीत, पैसा असो वा नसो, ती पाळता येईल अशी असावी.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या बालपणीच्या नाताळातील कोणती गोष्ट आपल्याला आजही आठवते? तिला किती पैसे लागले होते?
२. आपल्या घरातील कोणती प्रथा पाहून मूल "हे कशासाठी?" असे विचारील? आपले उत्तर काय असेल?
३. यंदा आपल्या फराळाचे पहिले ताट कोणाच्या दारी जाईल?