एका कागदावर दोन रेषा

आलेख खोटे बोलत नाही, असे आपण गणिताच्या तासाला पुष्कळदा ऐकतो. ते खरेही आहे. परंतु आलेख काढणाऱ्याने आरंभ कोठून केला आणि कशाशी तुलना केली, हे आलेख आपण होऊन सांगत नाही. काही दिवसांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी आम्हांस एक पत्रक दाखविले. त्यावर २०२० सालचा शेअर बाजाराचा आलेख होता आणि नऊ महिन्यांत शंभराचे जवळजवळ एकशे चौऱ्याऐंशी झाल्याचे तो दाखवीत होता. निवृत्त होताना हाती आलेली सारी पुंजी बाजारात घालावी, असा त्यांचा विचार चालला होता. आम्ही आकडे ताडून पाहिले. एकही आकडा चुकीचा नव्हता. तरीही त्या चित्रात काही उणे होते. ते कोणते, हे समजण्यासाठी अनेक रोख्यांची तुलना आलेखावर कशी करतात, ते प्रथम पाहू.

आज हे काम संगणक करतो. एका रोख्याचे नाव लिहिले की त्याच्या भावाची रेषा पडद्यावर उमटते. दुसरे नाव जोडले की दुसऱ्या रंगाची रेषा तिच्या शेजारी येते. क्ष-अक्षावर दिवस आणि य-अक्षावर भाव, ही मांडणी आपल्या आलेखवहीतलीच आहे. उदाहरणासाठी आपण मुंबईच्या बाजारांचे दोन निर्देशांक घेऊ. निर्देशांक म्हणजे स्वतः रोखा नव्हे, तो अनेक कंपन्यांच्या शेअरांच्या भावांचा सारांश होय. परंतु आलेखाचे नियम दोहोंनाही सारखेच लागू पडतात. सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या आहेत, निफ्टीमध्ये पन्नास.

३१ डिसेंबर २०१९ रोजी सेन्सेक्स ४१,२५३.७४ वर आणि निफ्टी १२,१६८.४५ वर बंद झाला. बरोबर एका वर्षाने, ३१ डिसेंबर २०२० रोजी, हे आकडे अनुक्रमे ४७,७५१.३३ आणि १३,९८१.७५ असे होते. म्हणजे सेन्सेक्स सुमारे ६,४९८ अंकांनी वाढला आणि निफ्टी अवघ्या १,८१३ अंकांनी. दोन्ही रेषा एकाच य-अक्षावर काढल्या तर सेन्सेक्सची रेषा वर झेपावलेली आणि निफ्टीची तळाशी सरपटणारी दिसेल. पाहणारा सहज म्हणेल, पहिला निर्देशांक दुसऱ्याहून फार सरस!

हा निव्वळ दृष्टिभ्रम आहे. सेन्सेक्सची गणना १९७८-७९ या वर्षासाठी १०० धरून होते. निफ्टीची ३ नोव्हेंबर १९९५ या दिवसासाठी १,००० धरून. आरंभच निरनिराळे असल्यामुळे आजच्या आकड्यांची उंची परस्परांशी ताडण्यात काहीच अर्थ नाही. पाच फूट उंचीचा मुलगा आणि तीन फूट उंचीचे रोप यांपैकी कोण अधिक झपाट्याने वाढले, हे केवळ आजची उंची पाहून कसे ठरेल?

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक रेषेचा पहिल्या दिवसाचा आकडा १०० मानावा आणि पुढचा प्रत्येक आकडा त्या प्रमाणात बदलावा. सूत्र असे: त्या दिवसाचा भाव भागिले पहिल्या दिवसाचा भाव, गुणिले शंभर. या रीतीने वर्षअखेर सेन्सेक्स ११५.७५ आणि निफ्टी ११४.९० येतो. मघाशी दूर दूर असलेल्या रेषा आता जवळजवळ एकमेकींवर बसतात. एका आकड्यास दुसऱ्याने भागून गुणोत्तराचीही रेषा काढता येते; येथे ते गुणोत्तर ३.३९ वरून ३.४२ पर्यंतच सरकते. ही रेषा सपाट असली की दोघेही सारख्याच गतीने चालले, असे समजावे.

काही जण एका रेषेचे माप डावीकडे आणि दुसरीचे उजवीकडे देतात. या रीतीत फार सावध राहावे लागते. कारण मापे हवी तशी ताणून कोणत्याही दोन रेषा एकमेकींना छेदताना दाखविता येतात.

मापाचा आणखी एक प्रकार लक्षात ठेवावा. २८ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ५७० अंकांनी घसरला. ४ जून २०२४ रोजी सुमारे ४,३९० अंकांनी. साध्या आलेखावर दुसरी घसरण प्रचंड दिसते आणि पहिली नजरेसही येत नाही. परंतु पहिली १२.७७ टक्के होती, दुसरी ५.७४ टक्के. दीर्घ काळाचा आलेख म्हणूनच लॉगच्या मापावर काढावा; त्यात समान टक्केवारीला समान उंची मिळते. लॉगची कोष्टके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना याचे कारण सांगावयास नको.

याखेरीज, हजार रुपयांच्या एका शेअरचे पाचशेचे दोन शेअर केले तर भाव निम्मा होतो, धारकाचे नुकसान मात्र होत नाही. म्हणून मागील भावही त्या प्रमाणात बदलून घ्यावे लागतात. या साध्या निर्देशांकांत लाभांश धरलेला नसतो. परदेशी रोख्याशी तुलना असेल तर चलन एक हवे, आणि दोन्ही बाजारांच्या सुट्ट्या निराळ्या असतात याचेही भान हवे.

आता त्या पत्रकाकडे वळू. त्याची रेषा २३ मार्च २०२० पासून सुरू झाली होती. महासाथीच्या भीतीने त्या दिवशी सेन्सेक्स २५,९८१.२४ वर कोसळला होता. तेथे १०० मानल्यास वर्षअखेर १८३.७९ येतात, हे खरेच. परंतु ज्याने वर्षारंभी शंभर रुपये घातले, त्याचे त्या दिवशी त्रेसष्टच उरले होते, आणि वर्षअखेर ११५.७५ झाले. बाजार तोच, शेवटचा दिवसही तोच. केवळ पहिला दिवस बदलला आणि चौऱ्याऐंशी टक्क्यांचे सोळा टक्केही राहिले नाहीत.

आम्ही त्या गृहस्थांसमोर दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, "हा मधला खड्डा मला कोणी दाखविलाच नव्हता." आपली पुंजी कोठे ठेवावी, हे त्यांचे त्यांनी ठरवावयाचे होते, ते आम्ही सांगितले नाही. मात्र निर्णय अर्ध्या चित्रावरून होऊ नये, इतके साधले.

विद्यार्थिमित्रांनो, पुढे तुमच्याहीसमोर असे रंगीत आलेख येतील. त्या वेळी तीन प्रश्न अवश्य विचारा: पाया समान आहे काय? माप कोणते आहे? आणि आरंभाचा दिवस कोणी व का निवडला? मग वरील आकडे घेऊन आलेखवहीत दोन्ही रेषा स्वतः काढून पाहा. हाताने काढलेली रेषा सहसा कोणास फसवू देत नाही.