मेंढ्याच्या रक्तातली जुळी : फेक-बी जनुक तपासण्याची कृती

आटपाडीच्या बाजारात मेंढा पारखणारा माणूस नाकाचा बाक बघतो, कान बघतो, पाठीवरून हात फिरवतो, ओठ उचलून दात मोजतो. २०२० साली इकडच्या एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी देशभर गाजली, ती त्याच्या रूपावर. पण अशा मेंढ्याच्या लेकींना जुळी होतील की एकेकच कोकरू, हे कितीही सराईत नजरेला दिसत नाही. मेंढा काही स्वतः वीत नाही. त्याच्या लेकी मोठ्या होऊन विल्यावर कळणार, तोवर तो कधीच विकला गेलेला असतो. हे उत्तर कोकरू महिन्याचं असतानाच मिळू शकतं, आणि त्याला लागणारी साधनं जीवशास्त्राच्या बऱ्याच पदव्युत्तर प्रयोगशाळांत असतात.

जुळ्यांचा हा गुण फेक-बी नावाच्या एका जनुकबदलात आहे. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एका ठिकाणी ‘ए’ऐवजी ‘जी’ हे अक्षर येतं आणि एका वेळी सुटणाऱ्या बीजांडांची संख्या वाढते. हा बदल नेमका २००१ साली सापडला. ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांमुळे तो प्रसिद्ध झाला, पण त्याचं मूळ सुंदरबनातल्या गॅरोल या अंगाने लहान मेंढीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून जहाजाने गेलेल्या मेंढरांबरोबर तो तिकडे पोचला. सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोलचं हे जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि त्यातून ‘सुवर्णा’ हा जुळी देणारा वाण तयार केला. त्या कामात प्रत्येक पिढीत कोणतं कोकरू ठेवायचं, हे पुढे दिलेल्या तऱ्हेच्या तपासणीनेच ठरवता आलं.

साहित्य आधी जमवा. ईडीटीए असलेल्या जांभळ्या टोपणाच्या नळ्या, बर्फाची पेटी, सेंट्रिफ्यूज, पीसीआर यंत्र, जेलची पेटी, उणे २० अंशांचा फ्रीजर, प्रायमरची जोडी, पीसीआरचं तयार मिश्रण आणि अ‍ॅव्हा-टू हे कापणारं विकर. प्रायमर २००२ साली डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी वापरलेले घ्या, एक २३ अक्षरी आणि दुसरा ३१ अक्षरी. यांखेरीज जनुकस्थिती आधीच पक्की ठाऊक असलेल्या तीन जनावरांचा डीएनए हवा : दुप्रती (दोन्ही प्रती फेक-बीच्या), एकप्रती आणि बिनप्रती. ज्या संस्थेकडे तपासलेला कळप आहे तिच्याकडून तो रीतसर मागून घ्या. हे तीन नमुने हाती येईपर्यंत तपासणी सुरू करू नका.

रक्त. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या आणि रक्त पशुवैद्यकाकडूनच काढून घ्या. सकाळी मेंढरं वाघरीतून चरायला सुटण्यापूर्वी तळावर पोचा; एकदा कळप पांगला की ठरलेलं जनावर हाती येत नाही. मानेच्या शिरेतून ३ ते ५ मिलिलिटर रक्त नळीत घ्या आणि नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करा. जोरात हलवू नका. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी चालणार नाही, हेपॅरिन पीसीआर अडवतं. नळीवर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक तिथेच, जनावर धरलेलं असतानाच लिहा. माझ्या मते या साऱ्या कृतीतली सगळ्यांत मोठी चूक इथे होते. चुकलेला क्रमांक पुढचं कुठलंही यंत्र दुरुस्त करत नाही. रक्त बर्फाच्या पेटीत आणा, ४ अंशांवर ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. तळ दूर असेल, बर्फ टिकणार नसेल, तर रक्ताचे थेंब एफटीए कार्डावर घेऊन सावलीत पूर्ण वाळवा आणि कोरड्या पाकिटात ठेवा. माणदेशाच्या उन्हाळ्यात मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

डीएनए वेगळा करणे. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, म्हणून आपल्याला पांढऱ्या पेशी हव्यात. ३ मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी फोडणारं द्रावण तिप्पट घाला, दहा मिनिटं थांबा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं लाल पाणी ओता. तळाचा गोळा पांढरट दिसेपर्यंत हे पुन्हा करा. लाली राहिली तर हिमोग्लोबिन पुढे पीसीआरला आडवं येतं. गोळा ३ मिलिलिटर केंद्रक फोडणाऱ्या द्रावणात मोकळा करा, १० टक्के एसडीएस ०.२ मिलिलिटर आणि प्रोटिनेज-के १ मिलिग्रॅम घाला, ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी मिठाचं संपृक्त द्रावण १ मिलिलिटर घालून पंधरा सेकंद चांगलं हलवा आणि पुन्हा फिरवा. प्रथिनं खाली बसतात. वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या नळीत घेऊन त्यात दुप्पट शुद्ध इथेनॉल घाला आणि नळी हळूहळू उलटी करा. पांढरे तंतू एकमेकांत गुंतत वर येताना डोळ्यांनी दिसतात. ते काचेच्या कांडीने उचला, ७० टक्के इथेनॉलमध्ये धुवा, वाळवा, टीई द्रावणात विरघळवा. २६० आणि २८० नॅनोमीटरवरचं गुणोत्तर १.८च्या आसपास आलं की डीएनए वापरण्याजोगा आहे. त्याचं ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर असं द्रावण करून घ्या. एफटीए कार्ड असेल तर हे सगळं टळतं. छोटी चकती कापून, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे धुऊन ती थेट पीसीआरच्या नळीत टाकता येते.

पीसीआर. एका नळीत २५ मायक्रोलिटर : तयार मिश्रण १२.५, दोन्ही प्रायमर १० पिकोमोल प्रति मायक्रोलिटर ताकदीचे प्रत्येकी १, डीएनए २, पाणी ८.५. यंत्रात ९४ अंशांवर पाच मिनिटं. मग ९४, ६० आणि ७२ अंशांवर प्रत्येकी तीस सेकंद अशी ३५ आवर्तनं. शेवटी ७२ अंशांवर पाच मिनिटं. यंत्राला यूपीएस जोडलेला असू द्या, मध्येच वीज गेली की ती फेरी वाया. दर फेरीत एक नळी डीएनएऐवजी पाणी घालून ठेवा. तिच्यात पट्टा उमटला तर कुठेतरी भेसळ झाली आहे. ती अख्खी फेरी टाकून द्या, त्यातले ‘बरे’ नमुने वेचत बसू नका. फेरी संपल्यावर ५ मायक्रोलिटर जेलवर चालवा, १९० बेसजोड्यांचा एकच पट्टा दिसला पाहिजे.

आता कापणी, आणि सारी कृती इथे तोलली जाते. अ‍ॅव्हा-टू विकर जिथे जी, जी, मग ए किंवा टी, मग सी, सी असा क्रम दिसेल तिथेच डीएनए कापतं. मेंढीच्या मूळ डीएनएत त्या जागी असा क्रम नाही. तो आपण घडवतो. एकतीस अक्षरी प्रायमरचा शेवट जी-जी-टी-सी असा आहे, त्यात मुद्दाम एक अक्षर बदललेलं आहे आणि प्रायमर संपतो तिथून पुढचं पहिलंच अक्षर हे बदलाचं ठिकाण. हा प्रायमर समोरच्या धाग्यावर वाचतो, म्हणून जनावरात फेक-बी असेल तर तिथे ‘जी’समोरचा सी येतो, जी-जी-टी-सी-सी पुरं होतं आणि १९०चा तुकडा १६० आणि ३० असा तुटतो. फेक-बी नसेल तर ‘ए’समोरचा टी येतो आणि तुकडा अखंड राहतो.

पीसीआरचा माल १० मायक्रोलिटर, दहापट बफर २, विकर १० एकक म्हणजे साधारण १ मायक्रोलिटर, पाणी ७. निदान तीन तास, जमल्यास रात्रभर, ३७ अंशांवर. मग ८० अंशांवर वीस मिनिटं ठेवून विकर निकामी करा. त्याची कुपी फ्रीजरमधून काढाल तेव्हा बर्फात ठेवा आणि काम होताच परत टाका. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रिजमध्ये तिची ताकद हळूहळू उतरते.

जेल ३ ते ३.५ टक्के ॲगॅरोजचं करा. एरवीचं १ टक्क्याचं चालत नाही, १९० आणि १६० मध्ये अंतर फक्त तीस बेसजोड्यांचं आहे. एवढं ॲगॅरोज पटकन गुठळ्या धरतं, म्हणून थंड बफरवर भुरभुरवून थोडा वेळ भिजू द्या, मगच तापवा. शेजारी ५०च्या टप्प्यांची शिडी घाला आणि कमी व्होल्टवर सावकाश चालवा. इथिडियम ब्रोमाइड वापरत असाल तर हातमोजे हवेतच आणि त्याचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. सायबर सेफसारखा कमी घातक रंग विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत बरा.

वाचन असं : फक्त १६०चा पट्टा म्हणजे दुप्रती. १९० आणि १६० दोन्ही म्हणजे एकप्रती. फक्त १९० म्हणजे बिनप्रती. ३०चा तुकडा बहुधा दिसत नाही, त्याची वाट पाहू नका. इथे एक फसगत ठरलेली आहे. विकर मेलेलं असेल तरी १९०चाच पट्टा दिसतो, आणि चांगला मेंढा ‘बिनप्रती’ म्हणून कसायाकडे जातो. विकर अर्धवट चाललं तर दुप्रती जनावर एकप्रती दिसतं. म्हणून ठाऊक असलेले तिन्ही नमुने प्रत्येक कापणीत, त्याच मिश्रणातून, त्याच जेलवर घाला. दुप्रती नमुन्यात १९०चा माग जरी उरला असेल तरी त्या दिवसाचा एकही निकाल देऊ नका, कापणी पुन्हा करा. एकप्रती जनावरात १९०चा पट्टा १६०पेक्षा ठळक दिसणं मात्र स्वाभाविक आहे : पीसीआरच्या शेवटी दोन वेगळ्या प्रतींचे धागे एकमेकांशी जुळतात आणि अशी बेजोड जोडी विकराला कापता येत नाही.

निकाल मेंढपाळाला देताना कागदावर बिल्ल्याचा क्रमांक, तारीख आणि तिन्हींपैकी स्थिती लिहा आणि तोंडी समजावून सांगा. दुप्रती मेंढा बिनप्रती मेंढ्यांवर सोडला तर सगळी कोकरं एकप्रती होतील, एकप्रती सोडला तर सरासरी निम्मी. मेंढ्या एकप्रतीच ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे. दुप्रती मेंढीला तिळी होण्याचा संभव वाढतो. मेंढीला आचळं दोनच, आणि चाऱ्याच्या टंचाईत तिसरं कोकरू जगवायला दूध कुठून आणणार? दुप्रती नर कळपाला हवा, मादी नको. उरलेला डीएनए क्रमांकासह उणे २० अंशांवर जपून ठेवा. दोन वर्षांनी त्या मेंढ्याच्या लेकी वितील, तेव्हा कुणी निकालावर शंका घेतली तर तीच नळी पुन्हा काढता येईल.