भोरड्या कुठे जातात?

मित्रांनो, फाल्गुन सरून चैत्र लागला की आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातले पुष्कळ पक्षी मुलूख सोडून निघतात. त्यांना स्थलांतर करणारे पक्षी म्हणतात. त्यांतली भोरडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पुस्तकात तिला पळसमैना म्हणतात. मी तिची माहिती जमवली, ती इथे देत आहे.

ओळख : भोरडी साळुंकीएवढी असते. डोके, पंख आणि शेपटी काळी, बाकी अंग गुलाबी. डोक्यावर तुरा असतो. ती एकटी क्वचितच दिसते, थवाच असतो. संध्याकाळी बाभळीच्या बनात मुक्कामाला उतरण्याआधी थवा आभाळात धुराच्या लोटासारखा वळतो. ससाणा आला की थवा आवळून गोळा होतो, मग ससाण्याला त्यातला एक पक्षी हेरणे अवघड जाते. मी आणि माझा भाऊ थवा मोजायला बसलो, पण शंभराच्या पुढे काही मोजता आले नाही.

कुठून येतात, कुठे जातात : भोरड्यांचे माहेर मध्य आशियात, कझाकस्तानसारख्या देशांतल्या गवताळ माळांवर आहे. ते इथून अडीच-तीन हजार किलोमीटर दूर आहे. मे-जून महिन्यांत त्या तिथे दगडांच्या कपारीत घरटी करतात. पिल्ले उडू लागली की लगेच परत फिरतात. जुलै-ऑगस्टपासून त्या भारतात यायला लागतात आणि एप्रिलमध्ये जातात. म्हणजे वर्षातला जास्त काळ त्या आपल्याच देशात असतात!

निघायची वेळ कशी कळते : त्यांच्याकडे पंचांग नाही. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत जातो. त्यामुळे पक्ष्यांच्या शरीरात बदल होतात. ते खूप खातात, अंगात चरबी साठते. हीच त्यांची वाटेची शिदोरी. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांवरून पक्षी दिशा ओळखतात.

शत्रू की मित्र : माझी आजी म्हणते, "भोरड्या कसल्या, चोर हायेत त्या! घटकाभरात कणसं मोकळी करत्यात." ते खरेच आहे. ज्वारी हुरड्यात आली की थवे उतरतात आणि आम्हाला माच्यावर गोफण घेऊन उभे राहावे लागते. वर्षभराची भाकरी त्या कणसांत असते.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. भोरड्या नाकतोडे आणि टोळ भरपूर खातात. पिल्लांना तर मुख्यतः तेच भरवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून भोरड्यांना घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. २०२० साली आपल्या विदर्भात टोळधाड आली होती, हे मोठ्या माणसांना आठवत असेल. शिवाय पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या फुलांतला मध पिताना भोरडीच्या डोक्याला पराग लागतात आणि या झाडावरून त्या झाडावर जातात. त्यातून बी धरते.

म्हणून मी आजीला म्हणालो, "हाकलू, पण मारायचं नाही." आजी म्हणाली, "मारतंय कोण? डबा वाजीव म्हंजे झालं."

आणखी पाहुणे : धोबी पक्षी आणि चक्रवाकही याच दिवसांत उत्तरेकडे निघतात. आपल्या कुकडी, मीना आणि घोड नद्यांचे पाणी भीमेतून उजनी धरणात जाते. तिथे भिगवणजवळ पट्टकादंब हंस येतात. ते हिमालय ओलांडून जातात. सात हजार मीटर उंचीवरही त्यांची नोंद झाली आहे. आपला हरिश्चंद्रगड १४२४ मीटर आहे. म्हणजे जवळजवळ पाच हरिश्चंद्रगड एकावर एक!

आपण काय करावे :
१) बेचकीने पक्षी मारू नये. जाळे लावू नये.
२) पळस, पांगारा, सावर ही झाडे होळीसाठी तोडू नयेत. पालकांनाही ही विनंती.
३) पक्ष्याच्या पायात कडे दिसले, तर त्यावरचा क्रमांक लिहून गुरुजींना द्यावा. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ सालची संस्था अशी कडी घालून पक्ष्यांचा प्रवास शोधते.

शेजारी कोरा कागद लावला आहे. भोरड्यांचा थवा ज्यांना दिसेल त्यांनी तारीख, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहावे. शेवटची तारीख कोणती येते, त्यावरून यंदा भोरड्या कधी गेल्या ते आपल्याला कळेल.