हिरवळ केव्हा कापावी

गवताची वाढ शेंड्यातून होत नाही. ती पात्याच्या बुडाशी, जमिनीलगतच्या पेरांतून होते. त्यामुळेच जी छाटणी इतर झाडांना खुरटून टाकील, ती गवत सहज सोसते. तथापि या सोशिकतेला मर्यादा आहे. गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एकाच वेळी काढला, तर अन्न तयार करणारे पान अपुरे पडते, मुळांची वाढ खुंटते आणि हिरवळ पिवळी दिसू लागते. म्हणून कापणीचा दिवस माळ्याच्या सवडीवरून नव्हे, तर गवताच्या वाढीवरून ठरविणे इष्ट होय.

भारतातील पुष्कळशा हिरवळी हरळीच्या असतात. उत्तरेकडे हिलाच दूब म्हणतात. हे उष्ण हवेचे गवत आहे. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते तपकिरी पडून जवळजवळ निद्रिस्त होते. त्या काळात यंत्र फिरविण्यात काहीच अर्थ नसतो. बंगळूरचा हिवाळा सौम्य असल्याने तेथे अशी पूर्ण विश्रांती सहसा मिळत नाही.

दवाने भिजलेले पाते आडवे पडते व पात्याखालून निसटते. ते कापले न जाता फाटते. ओल्या गवताचे गोळे यंत्राला चिकटतात, आणि बुरशीचा रोग असल्यास तोही एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो. यास्तव दव वाळल्यावरच काम सुरू करावे. वैशाखात नियम उलटा होतो: भर दुपारी कापलेल्या गवतातील ओलावा झपाट्याने उडतो, म्हणून उन्हे कलल्यावर कापावे. पाणी कापणीनंतर द्यावे, आधी नव्हे.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. आठवड्यातून दोनदा कापावे इतकी वाढ, आणि यंत्र बाहेर काढण्यासारखा दिवस मात्र सापडत नाही. अशा वेळी उघडीप पुरेशी नसते. शेतकरी ज्याला वापसा म्हणतो, तो जमिनीला यावा लागतो. नागपूरकडील काळ्या, चिकण जमिनीत तर यंत्राच्या भाराने माती दबून मुळांना हवा मिळेनाशी होते. दिल्लीच्या विस्तीर्ण हिरवळींवर एकेकाळी बैल जुंपलेली यंत्रे फिरत. तेव्हा रुतणाऱ्या खुरांचीही चिंता असे.

वापसा येईतो गवत वीतभर वाढले, तर ते एकदम पूर्वीच्या उंचीवर आणण्याचा मोह अनावर होतो. बहुतेक हिरवळी पावसात नव्हे, या मोहाने बिघडतात. नुसत्या काड्या उरतात, उघड्या पडलेल्या जमिनीत लव्हाळा शिरतो, आणि तो एकदा शिरला की खणूनही हटत नाही. पहिल्या खेपेस यंत्राचे पाते उंच ठेवून केवळ शेंडे काढावेत. तीन-चार दिवसांनी थोडे खाली आणावे, आणि मग पुन्हा तेवढेच.