रानांतील सुरी : वजन कोठें वाचवावें?

मनुष्यानें आपल्या हातानें घडविलेल्या साधनांत सुरीइतकें जुनें आणि अद्यापिहि रोजच्या उपयोगांत असलेलें साधन क्वचितच सांपडेल. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत, इटली व ऑस्ट्रिया यांच्या सीमेजवळ, बर्फांत गोठलेलें एका मनुष्याचें प्रेत सांपडलें. तो सुमारें ५,३०० वर्षांपूर्वीं मरण पावला असावा, असें शास्त्रज्ञांनीं ठरविलें. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती. शिवाय चकमकीच्या दगडाचें पातें व लांकडी मूठ असलेली एक लहानशी सुरी होती, आणि ती ठेवण्यासाठीं झाडाच्या सालीच्या तंतूंचें विणलेलें म्यानहि होतें. डोंगर ओलांडणाऱ्या त्या पुरातन पांथस्थाजवळ जड कामासाठीं कुऱ्हाड होती, म्हणून सुरी लहान असून भागत होतें. रानांत नेण्याची सुरी कशी निवडावी, हें समजून घेण्यास हा दाखला उपयोगी आहे.

प्रस्तुत लेखांत आम्ही न मिटणाऱ्या, म्हणजे पातें व मूठ कायम जोडलेल्या सुरीचाच विचार करणार आहों. मिटणारा चाकू खिशांत राहतो हें खरें. परंतु त्याला सांधा असतो. त्या सांध्यांत चिखल, वाळू, रक्त किंवा चरबी शिरली कीं तो नीट उघडत नाहीं, आणि त्याची खीळ निसटली तर पातें बोटांवर मिटतें. एकसंध सुरीस हें भय नाहीं. ती एका हातानें काढतां येते व पाण्यानें धुतली कीं स्वच्छ होते. स्वीडन, फिनलंड इत्यादि देशांत शरदृतूंत परवाना घेऊन मूस नांवाच्या प्रचंड हरणाची शिकार करतात. तेथील शिकारी जनावर सोलण्यास अशीच सुरी वापरतात, ती याच कारणानें.

आतां सुरीला रानांत काम तरी कोणतें पडतें? दोरी तोडणें, भाजी किंवा मासळी चिरणें, विस्तवासाठीं काटकीच्या ढलप्या काढणें, तंबूची खुंटी तासणें, आणि जेथें शिकार कायदेशीर आहे तेथें जनावर सोलणें. यांपैकीं एकाहि कामास हातभर पातें लागत नाहीं. झाड तोडणें व ओंडका फोडणें हें काम कुऱ्हाडीचें. आपल्या कोंकणांत व सह्याद्रीच्या खोऱ्यांत तें कोयत्याचें. एकाच सुरीनें हीं सर्व कामें करावीं असा हट्ट धरला म्हणजे ती जड होते, आणि जड सुरी दुसऱ्या खेपेस घरींच राहते.

येथें शाळेंतील गणिताचा उपयोग करून पाहूं. एक घन सेंटिमीटर पोलादाचें वजन सुमारें ७·८५ ग्रॅम असतें. समजा, एक पातें १० सेंटिमीटर लांब, २·५ सेंटिमीटर रुंद व २·५ मिलिमीटर जाड आहे. त्याचें घनफळ ६·२५ घन सेंटिमीटर व वजन सुमारें ४९ ग्रॅम भरेल. दुसरें पातें १५ सेंटिमीटर लांब, ३·५ सेंटिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड घ्या. त्याचें वजन सुमारें २०६ ग्रॅम होईल, म्हणजे पहिल्याच्या चौपटीहूनहि अधिक. प्रत्यक्षांत पातें धारेकडे व टोंकाकडे निमुळतें होत असल्यामुळें दोन्ही आंकडे कांहींसे कमी भरतील. पण दोहोंमधील अंतर मोठेंच राहील.

पातळ पात्याचा लाभ केवळ वजनापुरता नाहीं. पातें म्हणजे एक पाचर होय. पाचर जितकी जाड, तितकें कापतांना अधिक बळ लागतें, आणि अधिक बळानें लोटलेला हात निसटला तर जखमहि अधिक खोल होते. मात्र पातळपणास एक मोल द्यावें लागतें. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असतो. म्हणून जाडी निम्मी केली तर ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. यास्तव पातळ सुरीनें डब्याचें झांकण उचकटूं नये, किंवा ती फटींत घालून पिळूं नये. सुरी कापण्यासाठीं आहे, पहार म्हणून नव्हे.

हलक्या सामानाचा पुरस्कार करणाऱ्यांत अमेरिकेंतील जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स (१८२१–१८९०) यांचें नांव प्रसिद्ध आहे. ते ‘नेसमक’ या टोपणनांवानें लिहीत. शरीरानें ते ठेंगणे व अशक्त होते. तरीहि १८८३ सालीं, वयाच्या साठीनंतर, न्यूयॉर्क राज्यांतील ॲडिरॉन्डॅकच्या अरण्यांत त्यांनीं एकट्यानें लांबचा प्रवास केला, आणि तोहि सुमारें साडेदहा पौंड वजनाच्या होडींतून. पुढील वर्षीं प्रसिद्ध झालेल्या ‘वुडक्राफ्ट’ या आपल्या पुस्तकांत त्यांनीं लहान कुऱ्हाड, पातळ पात्याची साधी सुरी व खिशांतील चाकू अशा तीन हत्यारांची शिफारस केली आहे. ज्याच्या अंगीं बळ थोडें, त्यानें प्रत्येक हत्याराकडून त्याचेंच काम घ्यावें, हा त्यांतील बोध होय.

येथवर पात्याचें वजन कमी करण्याविषयीं सांगितलें. परंतु काटकसर मुठींत करूं नये, हें आमचें मुख्य सांगणें आहे. हल्लीं कांहीं कारखानदार मुठीचें लांकूडच काढून टाकतात, उरलेल्या पोलादी पट्टीस भोंकें पाडतात आणि सुरी फार हलकी झाली म्हणून तिची वाखाणणी करतात. दुकानांत अशी सुरी हातांत घेतली असतां मौज वाटते. पण पावसांत हात भिजलेला असतां, किंवा हिमालयाच्या थंडींत बोटें बधिर झालीं असतां, ती अरुंद पट्टी तळहातांत फिरते. पोलाद उष्णता झपाट्यानें ओढून घेत असल्यामुळें हात अधिकच गारठतो, आणि बोटें घसरून धारेवर जातात. जेथून दवाखाना एका दिवसाच्या वाटेवर आहे, तेथें बोटाची तुटलेली शीर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. चार-दोन तोळे वजन वाचविण्यासाठीं एवढी जोखीम घेणें शहाणपणाचें नाहीं.

फिनलंडमधील ‘पुक्को’ नांवाची सुरी या बाबतींत अभ्यासण्यासारखी आहे. तिचें पातें मुठीएवढेंच किंवा तिच्याहून किंचित् आंखूड असतें. मूठ बहुधा बर्च झाडाच्या लांकडाची किंवा सालीची, भरीव व हातभर पकड देणारी असते. पात्याचें अरुंद झालेलें शेंपूट मुठींतून जातें. त्यामुळें पोलाद कमी लागतें आणि हाताला मात्र ऊबदार लांकूडच लागतें. स्वीडनमधील मोरा गांवाजवळ १८९१ पासून ज्या सुऱ्या होतात, त्याहि याच वळणाच्या आहेत. त्यांतील नेहमींच्या सुरीचें पातें सुमारें १० सेंटिमीटर लांब व अडीच मिलिमीटर जाड असतें. किंमत थोडी असूनहि सुतार, कोळी व शिकारी त्या सारख्याच वापरतात.

पोलाद कोणतें घ्यावें, हें हवेवर अवलंबून आहे. साध्या कर्बयुक्त पोलादास दगडावर लवकर धार येते; पण तें गंजतें. १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं हॅरी ब्रेअर्ली यांनीं सुमारें १३ टक्के क्रोमियम असलेलें पोलाद तयार केलें, तें सहजासहजीं गंजत नाहीं. सह्याद्रीच्या पावसाळ्यांत किंवा समुद्रकांठीं हिंडणाऱ्यानें हेंच घ्यावें. ज्यास साधें पोलाद आवडतें, त्यानें प्रत्येक वापरानंतर पातें पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा.

म्यान हें सुरीचें अर्धें अंग होय. तें इतकें कठीण असावें कीं मनुष्य पडला तरी टोंक आरपार जाऊन मांडींत शिरूं नये. खालीं पाणी निथळण्यास भोंक असावें. सुरी घालून म्यान उलटें धरावें व हलवावें; सुरी निसटली तर तें म्यान घेऊं नये. चामड्याचें म्यान सुंदर दिसतें, परंतु ओल धरतें. म्हणून मुक्कामावर सुरी बाहेर काढून दोन्ही निरनिराळीं वाळवावीं.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य पशूंच्या शिकारीस बंदी आहे. तेव्हां आपल्याकडे ही सुरी पदभ्रमणापुरतीच. तो कायदा ‘शस्त्र’ या शब्दांत सुरीचाहि समावेश करतो, आणि अभयारण्यांत लेखी परवानगीवांचून शस्त्र नेतां येत नाहीं. हरिश्चंद्रगड व भीमाशंकर हीं तरुणांचीं आवडतीं ठिकाणें अभयारण्यांतच मोडतात, म्हणून निघण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करावी. सुरी वडील माणसाच्या ताब्यांत असावी. मुलांनीं ती त्यांच्या देखत वापरावी, आणि शाळेंत तर कधींच आणूं नये.

विद्यार्थीमित्रहो, वापरण्याचे नियम थोडेच आहेत. बसून कापावें व कोपर गुडघ्यावर टेंकावें. दोन मांड्यांमध्यें कधीं कापूं नये, कारण मांडीच्या आंतील बाजूस मोठी रक्तवाहिनी असते. धार अंगापासून दूर जाईल अशी धरावी. सुरीसह हात पसरला असतां जेवढी जागा व्यापते, तेवढ्या टप्प्यांत दुसऱ्या कोणास बसूं देऊं नये. काम संपतांच सुरी म्यानांत घालावी, जमिनीवर ठेवूं नये.

पुढें कधीं वडिलांबरोबर सुरी घेण्यास गेलांत, तर प्रथम मूठ ओल्या हातानें धरून पाहा, मग म्यान उलटें करून पाहा, आणि पात्याची लांबी सर्वांत शेवटीं मोजा.