कोरोना आणि वासाची नस

कोरोना म्हणजे फक्त खोकला असे पुष्कळांना वाटते. पण हा रोग मेंदूलाही त्रास देतो. महाराष्ट्रात पहिले रोगी ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. जून २०२० मध्ये सरकारने वास व चव जाणे हेही लक्षण धरले.

आपल्या नाकात अगदी वर चाळणीसारखे भोकाभोकांचे हाड असते. त्यातून वासाच्या बारीक नसा सरळ मेंदूत जातात. गंमत अशी की विषाणू बहुतेक वेळा त्या नसांना धरत नाही, त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींना इजा करतो. त्या पेशी पुन्हा तयार होतात, म्हणून पुष्कळांना काही आठवड्यांत वास येऊ लागतो.

माझ्या आजीला २०२१ मध्ये कोरोना झाला. मी तेव्हा अंगणवाडीत होतो. फोडणी करपली तरी तिला समजेना. "मले काहीच वास येत नाही रे," म्हणे. दूध नासले का, हे ती मला हुंगायला लावी. दोन महिन्यांनी तिला लसणाचा वास आला.

काही रोग्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकून लकवाही झाला. काहींना बरे झाल्यावरही कितीतरी महिने आठवत नसे, शब्द सुचत नसे. अशांना घरचे लोक आळशी म्हणत. पण तो आळस नव्हता, आजारच होता.