एका यंत्रातील जाळे

संगणकांचे जाळे शिकावयाचे म्हटले, की पहिली अडचण येते ती पैशाची. दहा संगणक, चार राऊटर आणि त्यांच्या तारा कोणते महाविद्यालय एका विद्यार्थ्याच्या हवाली करील? परंतु हे सारे जाळे एकाच लॅपटॉपमध्ये उभे करता येते. ते कसे, आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मार्ग दोन आहेत. पहिला व्हर्च्युअल मशीनचा. यात एका संगणकाच्या पोटात दुसरा संपूर्ण संगणक स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिमसह चालतो. मात्र तो मेमरीचा मोठा वाटा अडवितो. दुसरा मार्ग कंटेनरचा. येथे लिनक्सचा गाभा सर्वांना सामाईक असतो. पत्ते आणि मार्गांची कोष्टके तेवढी प्रत्येकाची निराळी. वाड्यातील बिऱ्हाडेच म्हणा ना! स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली 'मिनिनेट' मांडले, ते याच तत्त्वावर.

मी दोन कंटेनरांना १०.०.०.१ व १०.०.०.२ असे पत्ते दिले, आभासी तारेने ते जोडले आणि तारेच्या दोन्ही टोकांना ५० मिलिसेकंदांचा विलंब लावला. पिंगचे उत्तर १०० मिलिसेकंदांहून किंचित उशिरा येऊ लागले. पहिल्या उत्तराला मात्र सुमारे २०० लागले. कारण उघड आहे: निरोप धाडण्यापूर्वी शेजाऱ्याचा हार्डवेअर-पत्ता विचारावा लागतो, आणि त्या चौकशीलाही तीच तार ओलांडावी लागते. पुस्तकात वाचलेली गोष्ट अशी आकड्यांत दिसली, म्हणजे ती विसरत नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. एकपात्री प्रयोगात एकच नट अनेक पात्रे उभी करतो; पण दोन पात्रांनी एकाच क्षणी बोलावे, हे त्याला साधत नाही. येथेही प्रोसेसर सर्वांत वाटलेला असतो. निव्वळ गणिती सिम्युलेशनमध्ये काळही कल्पित असतो, त्यामुळे यंत्र मंद असले तर उत्तर फक्त उशिरा मिळते. येथे घड्याळ खरे असते. भार वाढला की निरोप रखडतात, आणि दोष जाळ्याचा की लॅपटॉपचा, हे कळेनासे होते. म्हणूनच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ साली प्रयोगाची विश्वासार्हता प्रयोग चालू असतानाच तपासण्याची पद्धत मांडली.

तेव्हा माझ्या मित्रांना एकच सांगणे: निष्कर्षाशेजारी प्रोसेसरवरील भारही लिहून ठेवा. तो आकडा नसेल, तर बाकीचे आकडे कितीही देखणे असले तरी ते पुरावा ठरत नाहीत.